मोहाच्या रानात मौन धरले तेव्हा

त्या वर्षी माझ्या मनाने घेतले होते की, लग्न झाल्यापासूनची माझी एकही प्रार्थना देवापर्यंत पोचलेली नाही. पोचणार कशी? एकतरी पुरी व्हायला हवी ना! मी डोळे मिटून ‘हे बापा’ म्हणायचे, तेवढ्यात थोरला दावीद शेजाऱ्यांच्या बोकडावर बसून गाव पाहायला निघालेला असायचा. त्याला उतरवून पुन्हा डोळे मिटावेत, तर मार्थाने तांदळात चुलीतली राख कालवलेली. तिसरी रूथ, तीन वर्षांची. ती काही मोडायची नाही, फोडायची नाही. ती फक्त जायची. पाण्यासारखी, उतार दिसेल तिकडे. आणि धाकटा शमुवेल सदा माझ्या अंगावर, दूध पीत नाहीतर प्यालेले माझ्या खांद्यावर परत देत. सात वर्षांत चार लेकरे. मी एक डोळा मिटून आणि एक उघडा ठेवून प्रार्थना करायला शिकले होते. तो उघडा डोळा देवाला दिसत असणार, याची मला फार लाज वाटे.

आमचे गाव चांदा जिल्ह्यात, वैनगंगा ओलांडून गडचिरोलीच्याही पुढे, बैलगाडीने पुरता एक दिवस आत. माझे यजमान तिथे मिशनच्या शाळेत मास्तर होते. चार इयत्ता एका खोलीत, आणि पाचवीही त्याच खोलीत, ती म्हणजे आमची बकरी. ख्रिस्ती घरे सात. कुडाच्या भिंतींचे उपासनामंदिर होते, त्यात घंटा नव्हती. तिची गरजही नव्हती, कारण मी होते. माझा आवाज म्हणजे काय सांगू! मी अंगणातून गीत उचलले की पलीकडच्या वाडीतली माणसे आंघोळी उरकून निघत. बैल आपणहून जुवाखाली मान घालत. एका अस्वलाने तर माझे गाणे ऐकून डोंगरच बदलला म्हणतात, सहकुटुंब. मास्तरांचे म्हणणे असे की माझ्या बोलण्यातला निम्मा भाग चाळून टाकावा. त्यांनी टाकावा. पण पुढे जे लिहिते आहे, ते चाळायला मी त्यांना देणार नाही.

महिन्यातून एकदा आमच्याकडे बायबलबाई येत. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणे, हे त्यांचे काम. पांढरे, कडक कांजीचे लुगडे. बसल्या तरी त्याला चुणी पडायची नाही. एकट्या होत्या, मूलबाळ नव्हते, आणि चालायच्या अशा की धूळसुद्धा वाटेतून बाजूला व्हायची. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपवासाच्या दिवसांत त्या आल्या आणि माझी प्रार्थना त्यांनी ऐकली. ऐकली म्हणजे, मी देवाजवळ पावसापाण्याचे मागता मागता मध्येच “मार्था, सोड त्या कोंबडीला!” असे ओरडले, तेही आमेनच्या आत ऐकले.

“बाई,” त्या म्हणाल्या, “तू देवाशी बोलतेस, का आठवडी बाजारात वांगी मागतेस? तोही बोलत असतो गं. पण तू त्याला बोलू कुठं देतेस?”

काटा रुततो तसे ते रुतले. मी त्या दिवशी चुलीपुढे बसून रडले. धूर होता, म्हणून कोणाला कळले नाही. मग मी ठरवले, उत्तम शुक्रवारी पहाटेपासून दुपारच्या उपासनेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. प्रभू त्या दिवशी वधस्तंभाकडे जाताना एवढे सोसून गप्प राहिला, मला अर्धा दिवस राहता येऊ नये? मास्तरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. “बरं,” ते म्हणाले. “शाळेतल्या पोरांना दाखवायला आणू का?”

आता एक अडचण होती. मोहाचे झाड काही उत्तम शुक्रवार पाळत नाही. चैत्रात त्याची फुले पहाटे गळतात, उन्ह वर चढेपर्यंत गळतात, आणि तेव्हा वेचली नाहीत तर गुरे, हरणे, माकडे आणि अस्वले यांची चंगळ. शाळेच्या मागे रानाच्या कडेला तीन मोह आमच्या वाट्याचे होते. दारूसाठी नव्हे हो! बायबलबाईंनी पहिल्या वर्षीच ते विचारून घेतले होते. वाळवून, भाजून, तिळाबरोबर कुटून लाडू करायचे, ते पावसाळ्यात लेकरांच्या पोटाला होत. ते तीन महिने आमच्याकडे दुसरे फारसे काही नसे. म्हणून सण असो, उपास असो, फुले वेचायला जाणे भाग होते.

आणि मोहाच्या रानात आमच्याकडची रीत अशी की, बाईने गप्प राहायचे नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात अस्वल झाडाखाली येऊन बसलेले असते. त्याला आधी कळले पाहिजे की माणूस आले. कोणी डबा बडवते, कोणी झाडाझाडावरून सासूच्या तक्रारी सांगते. मी गायचे. माझ्या तिन्ही मोठ्या लेकरांना त्यामुळे एक सवय लागली होती, तिचा मला पत्ताच नव्हता. ती पळाली, लपली, कुठेही गेली, तरी आई कुठे आहे ते त्यांना कानाने कळे. मान वर करून बघायची त्यांना गरज पडत नसे.

तर शुक्रवारी पहाटे मी निघाले. शमुवेलला पाठीशी बांधले, टोपली डोक्यावर, आणि तोंडाला कुलूप. लेकरांना खुणांनी सगळे सांगितले. दावीदने त्या खुणांचा अर्थ असा लावला की आईचा दात दुखतो आहे, आणि तो बिचारा लवंग शोधायला घरात परत गेला. झाडाखालचा पाला आम्ही आधीच जाळून जागा साफ केलेली होती. त्या काळ्या जमिनीवर फुले कशी दिसत होती म्हणता! गारा पडाव्यात तशी. गुडघाभर. बरे, घोट्याइतकी. शमुवेलला फांदीच्या झोळीत टाकले. दावीद आणि मार्था वेचू लागली. रूथ टोपलीशेजारी बसून एक फूल टोपलीत, एक तोंडात, अशी चालली होती.

खरे सांगते, ते मौन मला फार गोड लागले. टप टप फुले पडत होती, तेवढाच आवाज. लेकरेसुद्धा माझ्या गप्प राहण्याने घाबरून शहाणी झाली होती. मला वाटले, हीच ती घडी. मी गुडघे टेकले, दोन्ही डोळे मिटले, दोन्ही, आणि मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली. मंडळीसाठी केली, पाळकांसाठी केली, आजाऱ्यांसाठी केली, सरकारसाठी केली. कोणी लुगडे ओढले नाही. कोणी रडले नाही. आमेनपर्यंत पोचले आणि, देवा क्षमा कर, मनात आले, बायबलबाईंनी आता बघायला हवे होते.

डोळे उघडले तर टोपली होती आणि रूथ नव्हती.

आता जे सांगते ते मी पुष्कळ दिवस कोणाला सांगितले नव्हते. मी लगेच हाक मारली नाही. मौन मोडेल म्हणून. झाडामागे पाहिले, झुडपात पाहिले, दुसऱ्या झाडापर्यंत चालत गेले, सगळे मुकाट्याने. आई असून मी माझ्या नवसाला सांभाळत बसले. तिसऱ्या झाडापाशी मात्र पाय थांबले. जमीन उकरलेली होती, खोडावर नखांचे ताजे ओरखडे होते आणि पुढे वाटेवर अस्वलाची विष्ठा, मोहफुलांनी भरलेली, अजून ओली. तेव्हा मी तोंड उघडले, रूथ म्हणून किंचाळायला. आणि आवाज निघाला नाही. जो आवाज सिरोंच्याच्याही पलीकडे गोदावरी ओलांडून जातो असे मी सांगत फिरायचे, तो ओठाच्या बाहेर पडेना.

मी मागे धावले, शमुवेलला झोळीतून उचलले, दोघांना हाताला धरले आणि शेजारच्या मोहाखाली फुले वेचणाऱ्या पारबताबाईकडे गेले. ती गावातल्या शेतकऱ्याची बायको, माझ्या वयाची. मला बघून ती दचकलीच.

“अवो माय! तू आहेस का इथी? आज गानं नाई, काही नाई. मले वाटलं मास्तरीनबाई आज आलीच नाई!”

मी हातानेच रूथची उंची दाखवली आणि रानाकडे बोट केले. तिला कळले. तिने शमुवेलला माझ्या हातातून घेतले, स्वतःच्या पदराखाली धरले, दाविदाला आणि मार्थेला मांडीशी ओढले. “जाय,” ती म्हणाली. “हे तीन माह्याजवळ हायेत. तू जाय, अन् बोंबल!”

बोंबलायलाच तर येत नव्हते. मी ओरखड्यांच्या बाजूने उतारावर पळत सुटले. उतार दिसेल तिकडे ती जाणार, एवढेच मला ठाऊक होते. खाली नाला होता, चैत्रात कोरडा, अधूनमधून डबकी. आणि पलीकडच्या काठावर, झुडपात, मी अस्वल पाहिले. हत्तीएवढे होते. मास्तर शेजारी बसून हे वाचत आहेत आणि खाकरत आहेत, म्हणून म्हशीएवढे लिहिते. ते पाठ करून चालले होते, सावकाश, पोट भरलेल्या माणसासारखे. त्याचे पोट भरलेले आहे, हे माझ्या लक्षात आले. मी नाल्याच्या वाळूत बसले.

तिथे मी जी प्रार्थना केली ती शिकवलेली नव्हती. तिला ‘हे बापा’ नव्हते, आमेन नव्हते. मी मनात म्हणाले, “माझ्याने होत नाही. मला दोनच हात आहेत. हे लेकरू तूच दिलेस, आता तूच बघ.” एवढेच. भक्ती कसली, भांडणच होते ते. पण ते म्हणताना पहिल्यांदा मी देवापुढे काहीही सजवून ठेवले नव्हते. आणि आवाज सुटला. सुटला आणि तोंडातून गाणे बाहेर पडले, मी काही ठरवण्याच्या आत. वधस्तंभाचे गीत यायला हवे होते ना त्या दिवशी? आला नाताळचा पाळणा! गोठ्यातल्या बाळाचा, मास्तरांनी बसवलेला, रूथला रोज निजवताना मी म्हणते तो. उत्तम शुक्रवारी, भर चैत्रात, अस्वलाच्या पाठीला ऐकवत, मी बेथलेहेमच्या बाळाला झोके देत होते. आवाज फाटका, सूर कुठल्या कुठे. दुसरे कडवे अर्ध्यावर आले, तोच पलीकडच्या काठावरून, बरेच डावीकडून, एक बारीक, म्हातारा आवाज आला.

“ए गानेवाली! इथी हाय वं, इथी! तुह्यी पोरगी इथी हाय!”

मी तो काठ कशी चढले, मला आठवत नाही. मास्तर म्हणतात, पायऱ्या नसतील. मी म्हणते, माझे पायही नसतील, मी उडूनच गेले. वर एका जुन्या मोहाखाली एक म्हातारी गोंड बाई मांडी घालून बसली होती. हातभर गोंदण, पांढरे केस, पुढे पाल्याची छोटी धुनी धुमसत होती. तिच्या मांडीवर माझी रूथ गाढ झोपली होती, तोंडाभोवती मोहाचा चिकट रस, एका मुठीत म्हातारीच्या लुगड्याचा काठ घट्ट धरलेला. आणि चहूकडे तिच्या झाडाची फुले तशीच पडलेली. कोणाच्या तरी चार गाई येऊन ती निवांत खात होत्या. म्हातारीची टोपली रिकामी होती. मांडीवर लेकरू निजले, म्हणून ती त्या गाईंना हाकलायलाही उठली नव्हती.

मी रूथला उचलले तर म्हातारीने मला दटावले.

“हळू वं! आत्ता निजली ते. अन् तुले का झालं आज? रोज तं गाऊन गाऊन माह्ये कान फाडतेस. ‘रूत कुठी गेली, रूत कुठी गेली’ म्हनून नाल्यापावतो बोंबलतेस. हे आली, मले वाटलं हेच रूत. हाक देली, रूत, तं हासली. मंग मी वाट पाहून राह्यली. आता गाईल, मंग गाईल. तू गातच नाई!”

“माय,” मी म्हणाले, आणि मला हुंदका आवरेना, “तू हाक का नाही मारलीस?”

“मारली ना. माह्या आवाज आता नाल्याच्या पार जात नाई. तुह्या जाते. तू नाल्यात उतरून गायली, तवा मले समजलं कुठी हायेस.”

“मग घेऊन का नाही आलीस तिला? तुझी सगळी फुलं गेली.”

म्हातारीने माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच तीन वर्षांची आहे. “हरपलेलं लेकरू हलवत नाईत, बाई. आपन इकून न्यावं, माय तिकून यावं, दोघी चुकतेत. भेटलं तिथीच घेऊन बसाचं. माय येते.” मग म्हणाली, “अस्वल येऊन गेलं. मी धुनी केली तं त्यानं पलीकडची फुलं खाल्ली अन् गेलं. त्याले बी पोट हाय.”

तिचे नाव सोमारीबाई. नाल्यापलीकडच्या टोल्यावर, चार घरांच्या वस्तीत, तिची झोपडी. माझी तिची आयुष्यात कधी गाठ पडली नव्हती. पण कितीतरी चैत्र ती माझे गाणे, माझे रागावणे, माझ्या लेकरांची नावे ऐकत फुले वेचत आली होती. माझ्या ज्या कर्कश तोंडाची मला देवापुढे लाज वाटत होती, त्या तोंडाची एक बाई रानात, मांडीवर माझे लेकरू घेऊन, वाट पाहत होती. याला काय म्हणायचे ते वाचणाऱ्याने ठरवावे. तिचा देव वेगळा, तिची पूजा वेगळी, ते मला माहीत आहे. मी तिला कोणी पाठवले असे विचारले नाही. ती म्हणाली असती, पाठवाचं काऊन, माह्यंच झाड हाय.

दुपारच्या उपासनेला मी पोचले तेव्हा डोक्यात पाला होता आणि पदर फाटलेला. सणासाठी आलेल्या बायबलबाई दारातच उभ्या होत्या. मी सगळे सांगून टाकले. मौन मोडले, आणि मोडले ते नाताळच्या पाळण्याने, तेही. वाटले, आता ऐकून घ्यावे लागणार. रूथच्या चिकट हनुवटीला त्यांनी दोन बोटे लावली.

“आली ना सापडून?” त्या म्हणाल्या. “मग पाळणा नाताळचा असेना, प्रभूला महिना कुठला चालू आहे ते माहीत असेलच की.”

शनिवारी आम्ही सहाही जण नाला ओलांडून सोमारीबाईच्या झाडाखाली गेलो. मास्तरांनी धोतर खोचले होते. आधी तिला विचारले. दुसऱ्याच्या मोहाखाली विचारल्यावाचून फूल उचलत नाहीत. ती म्हणाली, “वेच, पन गात वेच.” मग काय विचारता! त्या दिवशी मी जी जी गीते येतात ती सगळी म्हटली, आणि येत नव्हती तीही. तिची टोपली भरली, पारबताबाईची मागून आणलेली भरली, मास्तरांची पगडी भरली. गाई दूर उभ्या राहून ऐकत होत्या. एकीनेही जवळ यायचे धाडस केले नाही.

आणि रविवारी पुनरुत्थानाचा सण. उन्हे वर यायच्या आत मंडळी मंदिरापुढच्या अंगणात जमली. पहिले गीत मी उचलायचे होते. शमुवेल कडेवर चुळबुळत होता, रूथ पदराला, मार्था दुसऱ्या हाताला. तेवढ्यात बायबलबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि हात पुढे केले. शमुवेलने त्यांच्या मांडीवर जाताच त्या कडक पांढऱ्या लुगड्याचे जे करायचे ते केले. मी घाईने त्याला परत घेऊ लागले. त्यांनी दिला नाही. रूथला मास्तरांनी खांद्यावर घेतले. मार्था दाविदाजवळ जाऊन बसली, आणि देवाची करणी म्हणा, त्याने तिला ढकलले नाही.

माझे दोन्ही हात रिकामे झाले. सात वर्षांत पहिल्यांदाच. इतकी वर्षे मला वाटत होते की चार लेकरांना दोन हात पुरवणे हीच माझी भक्ती, आणि ते पुरत नाहीत हेच माझे पाप. ते पुरणारच नव्हते. देवाने मुद्दाम दोनच दिले होते, म्हणजे बाकीचे कोणाचे आहेत ते मला कधीतरी दिसावे. गोंदलेले, कांजीच्या लुगड्यातले, खडूने माखलेले.

रिकाम्या हातांचे काय करावे ते मला क्षणभर कळेना. मग मी ते जोडले आणि गाऊ लागले.